पिशवीवरचं 'रोगप्रतिकारक' आणि प्रयोगशाळेतला आकडा

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण मांडवा, सासवणे, आवास, धोकवडे, झिराड, सारळ, रेवस या पट्ट्यात ज्यांचं अजून एक तरी खाचर लावलं जातं त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती. ज्यांनी विकलंय त्यांनीही वाचावी. भात आपल्या सगळ्यांच्याच ताटात असतो.

विषय एका शब्दाचा आहे. 'रोगप्रतिकारक'. भाताच्या बियाण्याच्या पिशवीवर, दुकानातल्या पोस्टरवर, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जाहिरातीत हा शब्द सर्रास असतो. 'करपा प्रतिकारक', 'रोगांना बळी न पडणारी जात' वगैरे. आता घरात एखादी रिकामी पिशवी पडली असेल तर तिला शिवलेलं लेबल बघा. बियाणे कायदा १९६६ चा. त्यानुसार लेबलवर उगवणशक्ती असते, शुद्धता असते, लॉट नंबर असतो, तपासणीची तारीख असते. भाताला उगवणशक्ती किमान ८० टक्के आणि भौतिक शुद्धता किमान ९८ टक्के लागते. प्रमाणित बियाण्याचं लेबल निळं असतं. पण रोगाला ती जात किती तोंड देते याचा रकाना त्या लेबलवर नाही. म्हणजे उगवण आकड्यात सांगावी लागते आणि प्रतिकार नुसता शब्दात सांगितला तरी चालतो. या पोस्टचा मुद्दा एवढाच आहे.

आमच्या आळीत एक काका आहेत. सव्वा एकर भात. शेताच्या एका बांधाला आता बंगल्याची भिंत आली आहे. एका पावसाळ्याला त्यांनी नवीन बियाणं आणलं. दुकानाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका दुकानाचा नाही. पिशवीवर मोठ्या अक्षरात 'करपा प्रतिकारक'. आवण चांगलं आलं, लावणी वेळेत झाली, युरिया जरा सढळ हाताने पडला. गणपतीच्या आसपास पानांवर डोळ्याच्या आकाराचे ठिपके दिसले. मध्ये राखाडी, कडेला तपकिरी, दोन्ही टोकांना निमुळते. काका निर्धास्त होते, जात प्रतिकारक आहे म्हणून. मग भात पसवला आणि लोंब्या मानेपाशी काळ्या पडून मोडायला लागल्या. झोडणीला बसले तेव्हा निम्मं पळिंज.

दुकानदार म्हणाला, हवा खराब होती. काका म्हणाले, "मग चांगल्या हवेत कुठला रोग येतो? प्रतिकार करायचा तो खराब हवेतच ना?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस, शेतीशास्त्रातलं मला काय कळणार? पण प्रश्न कुणाला विचारायचा एवढं तरी या धंद्यात कळतं. ओळखीने एका कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेलो. एकदा गेलो, आणि आठवड्याने पुन्हा गेलो. दोनदा का, ते पुढे येईल.

करपा ही बुरशी आहे. शास्त्रीय नाव मॅग्नापोर्थे ओरायझी. तिचे बीजाणू वाऱ्याबरोबर पानावर येतात, डिंकासारख्या पदार्थाने चिकटतात. पान रात्रभर ओलं राहिलं की रुजतात आणि एक बारीक घुमटासारखा अवयव तयार करतात. त्या घुमटात जो दाब तयार होतो तो सुमारे ८० वातावरणांपर्यंत मोजला गेला आहे. मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या तीस-पस्तीस पट. त्या दाबाने ती पानाची त्वचा अक्षरशः भोसकते. चार-पाच दिवसांत ठिपका दिसतो, आणि एका ठिपक्यावरून पुन्हा हजारो बीजाणू उडतात. म्हणून आठ दिवस लक्ष दिलं नाही तर शेत करपल्यासारखं दिसतं. नाव उगाच पडलेलं नाही.

आता प्रतिकार मोजतात कसा?

आधी रोगट पानं गोळा करतात. त्यातून एकच बीजाणू वेगळा काढून बशीत वाढवतात, ओटाच्या पिठाच्या आगरावर. एकच का? कारण करप्याच्या बुरशीतही कुळं असतात. एका जातीला लोळवणारं कूळ दुसऱ्या जातीचं काही वाकडं करू शकत नाही. कूळ माहीत नसेल तर परीक्षा कुणी घेतली हेच माहीत नाही, मग निकालाला काय अर्थ?

मग ते बीजाणू पाण्यात मिसळतात आणि मोजतात. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक चौकटी आखलेली काचेची पट्टी असते, त्या चौकटीतले बीजाणू मोजायचे आणि हिशोब करायचा. साधारणपणे एका मिलिलिटरमध्ये एक लाखाच्या आसपास ठेवतात. कमी घेतले तर कमजोर जातही पास होते. फार जास्त घेतले तर चांगल्या जातीवरही अन्याय होतो.

कुंड्यांत दोन-तीन आठवड्यांची रोपं असतात, तीन-चार पानांवर आलेली. कुंडीवर जातीचं नाव नव्हतं, नुसते क्रमांक होते. मी विचारलं, नाव का नाही? तिथल्या मॅडम म्हणाल्या, "नाव दिसलं की डोळा सवलत देतो." मला हे फार आवडलं. आपल्याकडे पंचनामे असे होतात का, हा विचार मनात येऊन गेला.

फवारणी झाली की रोपं साधारण एक दिवस-रात्र अंधारात, पंचवीसेक अंश तापमानात, भरपूर दमटपणात ठेवतात. नंतर उजेडात. आणि सातव्या दिवशी बघायचं. म्हणून मी आठवड्याने पुन्हा गेलो.

बघायचं म्हणजे गुण द्यायचे. मनिलाजवळच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आखलेली ० ते ९ ची पट्टी जगभर वापरतात. आपल्या शाळेच्या उलटी. इथे शून्य मिळवणारा पहिला. शून्य म्हणजे ठिपकाच नाही. १ म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी ठिपके, ज्यात बुरशी पुढे वाढत नाही. ३ म्हणजे एक-दोन मिलिमीटरचे गोलसर राखाडी ठिपके. ४ पासून खरा करपा सुरू होतो, तो डोळ्याच्या आकाराचा. त्यानंतर पानाचा किती भाग गेला ते बघतात. ५ ला दहा टक्क्यांपर्यंत, ७ ला निम्म्यापर्यंत, ९ म्हणजे पाऊण पानापेक्षा जास्त मेलेलं. ढोबळमानाने ३ पर्यंत प्रतिकारक, ४-५ मध्यम, पुढे रोगाला बळी पडणारी.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. त्या कुंड्यांच्या मधेमधे एक जात मुद्दाम लावलेली होती, जी हमखास आजारी पडते. आपल्या देशात त्यासाठी एचआर-१२ किंवा सीओ-३९ या जाती वापरतात. दुसऱ्या टोकाला टेटेप नावाची मूळ व्हिएतनामची जात, जी सहसा टिकते. मला वाटलं, आजारी पडणारं रोप कशाला लावायचं? मॅडम म्हणाल्या, "ते पडलं नाही तर आमची परीक्षाच झाली नाही असं समजायचं." म्हणजे एचआर-१२ करपलं नसेल, तर बाकीच्यांना मिळालेल्या शून्याला किंमत नाही. फवारा नीट बसला नसेल, दमटपणा कमी पडला असेल, बुरशी मेलेली असेल. रोग आलाच नाही आणि रोपाने रोग परतवला, या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. त्यांच्यातला फरक ते पडणारं रोप सांगतं.

मंडळी, इथे थांबून विचार करा. दुकानात आपल्याला काय सांगतात? "अमक्या गावात लावलं होतं, एक ठिपका आला नाही." पण त्या गावात त्या वर्षी शेजारच्या खाचरात करपा होता का? नसेल, तर ती परीक्षा झालेलीच नाही. पुढच्या वेळी हा एक प्रश्न विचारून बघा.

प्रयोगशाळेतला आकडा म्हणजेही ब्रह्मवाक्य नाही, हे त्यांनीच सांगितलं. तो आकडा कोवळ्या रोपाच्या पानाचा. मानेवरचा करपा वेगळा तपासावा लागतो, लोंबी बाहेर पडताना. पानावर २ मिळवणारी जात मानेत ७ वर जाऊ शकते. आमच्या काकांच्या शेतात असंच झालं की कूळच वेगळं होतं, हे आता कुणी सांगू शकणार नाही, कारण त्या वेळी नमुना कुणी घेतलाच नाही. शिवाय नत्र जास्त झालं की करपा वाढतो, हे जुनं ज्ञान आहे. परीक्षेच्या वाफ्यात मुद्दाम युरिया जास्त देतात, तो रोपाची कसोटी लागावी म्हणून. आपण तोच युरिया पीक काळंभोर दिसावं म्हणून देतो.

म्हणून प्रयोगशाळेनंतर वाफा येतो. उघड्यावर गादीवाफे करून, प्रत्येक जातीची एकेक ओळ टाकून, कडेला आजारी पडणारी जात लावून रोग मुद्दाम पसरू देतात. आणि हे एका ठिकाणी करत नाहीत. १९६५ पासून देशभर समन्वित भात संशोधन प्रकल्प चालतो, त्याचं काम हैदराबादच्या संस्थेतून बघितलं जातं. त्यात आपलं कर्जत आहे. कर्जतचं भात संशोधन १९१९ पासूनचं, आता ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाखाली येतं. आणि लोणावळाही आहे, जिथे रात्रीचा गारवा, धुकं आणि सततची भुरभुर यामुळे करपा हमखास येतो. आपण लोणावळ्याला भजी खायला जातो, भाताची जात तिथे घाम गाळते.

इतक्या ठिकाणी का, तर बुरशी बदलते म्हणून. दक्षिण कोरियात १९७०च्या दशकात टोंगिल नावाची भाताची जात आली. उत्पन्न भरघोस, करप्याला दाद न देणारी. देशभर तीच लावली. काही वर्षांत तिला भेदणारं कूळ वाढलं आणि १९७८ मध्ये मोठी साथ आली. एका कुलपाची किल्ली सापडली की सगळी घरं एकदम उघडतात. तिची चुलत बुरशी गव्हावर पडते. ती दक्षिण अमेरिकेतली, पण २०१६ मध्ये बांगलादेशात उगवली आणि हजारो हेक्टर गहू गेला. त्यानंतर पश्चिम बंगालने सीमेलगतच्या भागात गहू पेरायलाच बंदी घातली. तेव्हा कुठल्या वर्षी, कुठल्या ठिकाणी मोजलं हे सांगितल्याशिवाय आकडा अर्धाच असतो. २०१० चा ३ आज ६ झालेला असू शकतो.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, औषध मारा की. मारा. पण तिकडेही दरवाजे बंद होत आहेत. करप्यावर वापरतात त्या ट्रायसायक्लाझोलची मर्यादा युरोपने २०१८ पासून किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमवर आणली आणि बासमती निर्यात करणाऱ्यांची झोप उडाली. मग दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने करप्याविरुद्धची दोन जनुकं घातलेल्या बासमतीच्या जाती काढल्या, पुसा बासमती १८४७, १८८५ आणि १८८६. एकाऐवजी दोन कुलपं, म्हणजे बुरशीला एकदम दोन किल्ल्या शोधाव्या लागतात. बासमतीमागे परकीय चलन आहे, म्हणून हालचाल झाली. आपल्या सव्वा एकरवाल्यामागे कोण आहे?

आणि आपला किनारा हा वेगळाच मामला आहे. लोणावळा सहाशे मीटर उंचीवर, आपण भरतीच्या रेषेला. आपल्याकडे खारभाटी आहे, समुद्राची दमट हवा आहे, डोंगराकडे कनकेश्वरच्या पायथ्याची वेगळी जमीन आहे. खाऱ्या जमिनीसाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, २, ३ अशा जाती दिल्या. म्हणजे मिठाचा विचार झाला. तसाच मांडवा ते रेवस पट्ट्यात कोणती जात करप्याला किती गुण मिळवते, याचा तक्ता निदान कृषी कार्यालयाच्या फळ्यावर लागायला काय हरकत आहे? कर्जतचे, लोणावळ्याचे आकडे असतातच. ते अहवालात राहतात, आपल्यापर्यंत येतो तो फक्त शब्द.

हे एवढं पोटतिडकीने का लिहितोय, ते सांगतो. २०२० मध्ये रो-रो सुरू झाली, मुंबई तासाभरावर आली. जेट्टीने रोजगार दिला, ते नाकारणार नाही. पण जमिनीचा भाव असा झाला की भात लावणारा माणूस घरातच वेडा ठरतो. काकांचा मुलगा त्या वर्षी झोडणी झाल्यावर म्हणाला, "बाबा, अजून किती वर्षं पळिंज झोडणार?" त्याचं चूक नाही. हिशोब त्याच्या बाजूने आहे. पण याच तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा-सात वर्षं जमीन न कसता संप केला, तो कसणाऱ्याच्या हक्कासाठी. त्या मातीत आज एका फसव्या शब्दामुळे कसणं सुटत असेल तर ते मला पटत नाही. विकायचं असेल तर माणसाने स्वतःच्या मर्जीने विकावं. बियाण्याच्या पिशवीने त्याला दलालाच्या दारात नेऊन उभं करू नये.

कायदा आपल्या बाजूला थोडा आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१. त्यातलं कलम ३९(२) सांगतं की नोंदणी झालेल्या वाणाचं बियाणं शेतकऱ्याला विकताना ते कोणत्या परिस्थितीत काय कामगिरी करेल हे पैदासकाराने सांगायचं, आणि तशा परिस्थितीत ते तसं वागलं नाही तर शेतकरी भरपाई मागू शकतो. 'कोणत्या परिस्थितीत' हे शब्द महत्त्वाचे. काकांच्या प्रश्नाचं उत्तर पैदासकाराने द्यायचं आहे, हे कायदाच म्हणतो.

तर मागणी आणि कामं, दोन्ही लिहितो.

बियाणं घेताना पक्की पावती घ्या. पिशवी, लेबल आणि मूठभर बियाणं हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. ठिपके दिसले की त्याच आठवड्यात फोटो काढा आणि कृषी सहायकाला लेखी कळवा. तालुक्याला बियाणे तक्रार निवारण समिती असते, पण ती येऊन बघणार ते उभं पीक. झोडणी झाल्यावर तिच्यापुढे ठेवायला आपल्याकडे काही राहत नाही.

दुकानात तीन प्रश्न विचारा. करप्याला गुण किती? कुठे आणि कोणत्या वर्षी मोजले? पानाचे की मानेचे? उत्तर मिळणार नाही, मला माहीत आहे. पण दहा जणांनी विचारलं तर दुकानदार कंपनीला विचारेल.

युरिया एकदम ओतू नका, हप्त्याहप्त्याने द्या. राबात भाताच्या तुसाची काळी राख मिसळा. चारसूत्री भातशेती सांगणारे डॉ. नारायण सावंत हे कित्येक वर्षं सांगत होते. राखेतल्या सिलिकाने रोप कणखर होतं, बुरशीला भोसकणं जड जातं. फुकटची गोष्ट आहे, गिरणीवर पडून असते. आणि सगळं गाव एकच जात लावू नका. कोरियाचं उदाहरण वर दिलंय.

तालुका कृषी कार्यालय, किल्ला-रोह्याचं कृषी विज्ञान केंद्र आणि कर्जतचं संशोधन केंद्र यांच्याकडे जाहीर मागणी : अनुदानावर वाटायच्या आणि दुकानांत विकल्या जाणाऱ्या भाताच्या प्रत्येक जातीचे करप्याचे गुण, ठिकाण आणि वर्षासकट, मे महिन्याआधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. आणि आपल्या किनारपट्टीवर एक तरी परीक्षेचा वाफा घ्या, शेतांपासून लांब, तुमच्या देखरेखीखाली. आजारी पडणारी एक ओळ लावायला विसरू नका.

याचा अर्ज मी तयार केला आहे, मराठीत, एक पानाचा. ज्यांना सही करायची आहे त्यांनी कमेंटमध्ये फक्त गावाचं नाव लिहा, मी येऊन सही घेतो. पहिली सही काकांची झाली आहे. यंदाही भात लावणार आहेत. अर्जावर सही करताना त्यांनी एकच विचारलं, की त्या फळ्यावरचे आकडे चष्म्याशिवाय दिसतील एवढे मोठे असतील ना. मी तेही अर्जात घातलं आहे.